एका चौकटीत दोघे

अण्णा गेले, त्यानंतरची ही गोष्ट आहे. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला दोन दिवस उरले होते. भंतेजींना निरोप गेला होता, खुर्च्या आणि मंडप सांगून झाला होता, गावाकडची मंडळी निघाली होती. धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, अण्णांचा फोटो तर टेबलावर ठेवूच, पण आई-अण्णांचा एक जोडीचा फोटोही मोठा करून घेऊ. कार्यक्रम झाल्यावर भिंतीवर लावता येईल."

मला ती गोष्ट सोपी वाटली. पत्र्याची ट्रंक काढली, प्लास्टिकच्या पिशव्या उलट्या केल्या. गिरणीच्या पासवरचा अण्णांचा फोटो मिळाला. मतदार ओळखपत्रावरचा आईचा मिळाला. लग्नातला एक मिळाला, त्यात चाळीस माणसे आणि आईचा चेहरा हाराआड अर्धा झाकलेला. नातवाच्या वाढदिवसाचे होते, भीमजयंतीच्या मिरवणुकीतले होते, गावच्या विहाराच्या उद्घाटनाचेही होते. पण दोघांचाच, शेजारी शेजारी, असा एकही फोटो निघाला नाही. शेहेचाळीस वर्षे दोघांनी एका खोलीत संसार केला. १९८२ चा संप एकत्र सोसला, चार मुले वाढवली. आणि एका चौकटीत दोघे कधी आलेच नाहीत!

शेवटी स्टुडिओवाल्याने दोन वेगवेगळे फोटो संगणकावर जोडून दिले. मागे निळा पडदा, अण्णांच्या अंगात कधी न घातलेला कोट, आईच्या अंगावर कधी न नेसलेली साडी. आपल्या वस्तीत अशी जोडलेली चित्रे घरोघर आहेत, तेव्हा मला त्यात काही वावगे वाटले नाही. आईने मात्र तो फोटो हातात घेऊन बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "हे माझ्याजवळ असे कधी बसले होते? आणि बघ रे, माझ्या तोंडावर उजेड इकडून आलाय नि ह्यांच्या तोंडावर तिकडून."

शाळेची पायरी न चढलेल्या माझ्या आईने छायाचित्रणातला पहिला धडा मला असा शिकवला. दोन माणसे खरोखर एकत्र असली, तर त्यांच्यावर उजेडही एकाच बाजूने पडतो. नंतर जोडलेल्या जोडीत तो कधी जुळत नाही.

रविवारचा नियम

ती टोचणी मनात राहिली. तेव्हापासून दर रविवारी मी आणि नववीत शिकणारी माझी मुलगी, दोघे मुंबईत फिरू लागलो. हातात साधा मोबाईल. नियम एकच, जिथे जिथे दोन असतील तिथे फोटो घ्यायचा. दोन माणसे, दोन इमारती, दोन खुर्च्या, दोन दारे, काहीही.

पहिले दोन-तीन रविवार गंमतीत गेले. सारख्या चपलांचे जोड, दोरीवर वाळणारे दोन गणवेश, जुळ्या भावंडांची सायकल. बेस्टची डबल डेकर तर हवीच होती. मुंबईत ती १९३७ साली आली आणि जुन्या पद्धतीची शेवटची डबल डेकर १५ सप्टेंबर २०२३ रोजी निरोप घेऊन गेली. आता वातानुकूलित, विजेवर चालणाऱ्या डबल डेकर धावतात. मुलीने वरच्या मजल्यावरच्या पुढच्या बाकावर बसलेल्या दोन पोरांचा फोटो खालून काढला. दोघांची नाके काचेला चिकटलेली!

पण हळूहळू एक गोष्ट ध्यानात आली. दोन वस्तू सारख्या दिसल्या म्हणजे त्यांची जोडी होते असे नाही. आणि दोन माणसे एकमेकांसारखी मुळीच नसली तरी त्यांची जोडी असू शकते. मग आम्ही सारखेपणा शोधणे सोडले आणि नाते शोधू लागलो.

दादरचे दोन एक नंबर

दादर स्टेशन म्हणजे मुळात दोन स्टेशने, एक पश्चिम रेल्वेचे आणि एक मध्य रेल्वेचे. मधला पूल ओलांडला की रेल्वे बदलते. अनेक वर्षे दोन्हीकडे फलाटांचे आकडे एकपासून सुरू होत. म्हणजे दादरला एक नंबरचे फलाट दोन होते! ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येणाऱ्या बाहेरगावच्या किती बांधवांची त्यामुळे चुकामूक झाली असेल, याचा हिशेब नाही. "एक नंबरवर थांबा" असे सांगायचे आणि एकाने पश्चिमेच्या एक नंबरवर, दुसऱ्याने मध्यच्या एक नंबरवर तास-तास उभे राहायचे. ९ डिसेंबर २०२३ पासून ही अडचण गेली. पश्चिम रेल्वेचे फलाट १ ते ७ तसेच राहिले आणि मध्य रेल्वेचे फलाट ८ ते १४ झाले. वाचकांनी पाहुण्यांना पत्ता सांगताना हे जरूर सांगावे.

याच पुलाखाली एका ६ डिसेंबरला आम्हाला आमची पहिली खरी जोडी भेटली. विदर्भातून आलेल्या दोन म्हाताऱ्या उपासिका. पांढऱ्या साड्या, हातात पिशवी, आणि गर्दीत हरवू नये म्हणून एकीच्या पदराला दुसरीच्या पदराची गाठ मारलेली. नात्यातल्या नव्हेत, एकाच गावच्या. मुलीने विचारले, "आजी, फोटो काढू का?" एक म्हणाली, "काढ की माय, पण आमाले भेटला पायजे." मुलीने त्यांच्याबरोबरच्या मुलाच्या मोबाईलवर तिथल्या तिथे फोटो पाठवला. त्या दोघींनी आयुष्यात प्रथमच स्वतःला एकत्र पाहिले असावे. एकीने दुसरीला म्हटले, "तू त लयच बुढी झाली वो!" आणि दोघी हसत सुटल्या.

सिंह आणि वाघ

पुढचा रविवार फोर्टमधला. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या जुन्या इमारतीचे काम १८८८ मध्ये पूर्ण झाले. तिच्या प्रवेशद्वाराच्या दोन खांबांवर दोन दगडी प्राणी बसलेले आहेत. रोज लाखो माणसे त्यांच्या समोरून जातात, पण मान वर करून फार थोडे पाहतात. एका खांबावर सिंह, तो ब्रिटनचा. दुसऱ्यावर वाघ, तो हिंदुस्थानचा. खांबांची उंची सारखी, बसण्याची ऐटही सारखी.

मुलगी म्हणाली, "बाबा, तेव्हा तर इंग्रजांचे राज्य होते. मग दोघे सारख्या उंचीवर कसे?"

प्रश्न बरोबर होता. दगडात बरोबरी दाखवली, कारभारात नव्हती. फोटोतही असेच होते. दोघांना शेजारी उभे केले म्हणजे दोघांचा मान सारखा झाला असे नाही. जोडीचा फोटो पाहताना हा प्रश्न विचारायची सवय आम्हाला तिथे लागली.

समोर रस्त्यापलीकडे मुंबई महानगरपालिकेची इमारत आहे. ती १८९३ मध्ये पुरी झाली. दोन्ही इमारतींचा वास्तुविशारद एकच, एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स. घुमट वेगळे, काम वेगळे, पण घडण एका हाताची. मुलीने वहीत लिहिले, "या जुळ्या नाहीत, पण बहिणी आहेत."

दोन खोल्या, दोन इमारती

काही जोड्या डोळ्यांना दिसत नाहीत, त्या माहितीतून जुळवाव्या लागतात. परळच्या बी.आय.टी. चाळीत बाबासाहेबांचे कुटुंब वीस वर्षांहून अधिक काळ राहिले. दुसऱ्या मजल्यावरच्या ५० आणि ५१ क्रमांकाच्या दोन खोल्या. महाडचा सत्याग्रह झाला, गोलमेज परिषदा झाल्या, त्या काळात बाबासाहेबांचा मुंबईतला पत्ता म्हणजे या चाळीतल्या दोन खोल्या. आम्ही बाहेरून इमारतीचा फोटो घेतला. मुलगी बराच वेळ मजले मोजत उभी होती.

तिथून दादरच्या हिंदू कॉलनीत गेलो. बाबासाहेबांनी तिथे एक नव्हे, दोन इमारती उभारल्या होत्या, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसते. एक 'राजगृह', कुटुंबासाठी आणि ग्रंथांसाठी. दुसरी 'चार मिनार', भाड्याने देण्यासाठी. १९४१ साली बाबासाहेबांनी 'चार मिनार' विकली, ती ग्रंथखरेदीसाठी आणि कर्ज फेडण्यासाठी. जोडीतली उत्पन्न देणारी इमारत गेली आणि पुस्तकांची राहिली! आपल्या मुलांना अभ्यासाला बसवताना आई-बापांनी ही एक गोष्ट सांगितली तरी पुरे.

राजगृहातलाच एक फोटो आपण सर्वांनी पाहिला आहे. फेब्रुवारी १९३४ मधला. त्यात यशवंतराव आहेत, बाबासाहेब आहेत, शेजारी माता रमाई आहेत, वहिनी लक्ष्मीबाई आहेत, पुतणे मुकुंदराव आहेत आणि लाडका कुत्रा टॉबीसुद्धा आहे. पुढे २७ मे १९३५ रोजी रमाईंचे निधन झाले. म्हणजे हा फोटो निघाल्यानंतर जेमतेम पंधरा महिने. त्या दिवशी कोणी "आज नको, पुढे कधीतरी काढू" असे म्हटले असते तर? बाबासाहेब आणि रमाई एका चौकटीत आपल्याला दिसतात, ते त्या दिवशी सगळे एकत्र बसले म्हणून. माझ्या मनात लगेच आमच्या घरची पत्र्याची ट्रंक आली.

दगडातली माणसे

आता कान्हेरीविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात शंभराहून अधिक लेणी आहेत. सोमवारी उद्यान बंद असते, एवढे लक्षात ठेवावे. सकाळी लवकर निघावे, पाणी आणि भाकरी बरोबर घ्यावी. तिसऱ्या क्रमांकाचे लेणे म्हणजे मोठे चैत्यगृह. ते इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातले. दोन व्यापारी भावांनी ते उभारायला घेतले, असे तिथला शिलालेख सांगतो. म्हणजे कामाची सुरुवातच जोडीने झालेली.

चैत्यगृहाच्या अंगणात दोन्ही बाजूंना दोन खांब आहेत. एकावर सिंह, तर दुसऱ्यावर ठेंगणी माणसे कोरलेली. आत ओसरीत गेले की दोन्ही टोकांना तथागतांच्या दोन भव्य उभ्या मूर्ती दिसतात. उंची सुमारे सात मीटर, म्हणजे दोन मजली घराएवढी. चैत्यगृहानंतर काही शतकांनी त्या कोरल्या गेल्या. दोन्ही मूर्ती समोरासमोर आहेत. त्यामुळे मध्ये उभे राहिलात तर एकच दिसते, दुसरी पाठीशी असते. दोघींचा एक फोटो घ्यायचा म्हणून आम्ही खूप धडपड केली. शेवटी मुलीने नाद सोडला आणि मला एका मूर्तीच्या पायाशी उभे केले. "तुम्ही आणि बुद्ध, हीच जोडी घेते," म्हणाली. फोटोत मी मूर्तीच्या गुडघ्याशीही पुरता पोहोचलो नाही, पण उंची कळायला त्याचा उपयोग झाला.

तथापि, माझे पाय थबकले ते दाराजवळच्या भिंतीपुढे. दाराच्या दोन्ही बाजूंना स्त्री-पुरुषांच्या जोड्या कोरलेल्या आहेत. दान देणाऱ्या उपासक-उपासिकांच्या या जोड्या असाव्यात, असे अभ्यासक मानतात. अंगावर दागिने, डोक्याला भारी वेष्टने, हातापायांत बळ. बाई पुरुषाच्या मागे लपलेली नाही, मान खाली घालून बसलेली नाही. त्याच्या खांद्याला खांदा लावून, समोर पाहत उभी आहे.

आता आपल्या घरातला आजी-आजोबांचा जुना स्टुडिओतला फोटो आठवा. आजोबा खुर्चीत बसलेले, पाय रोवून. आजी बाजूला उभी, एक हात खुर्चीच्या पाठीवर, नजर जमिनीवर. तो त्या काळचा रिवाज होता, त्यात आजोबांचा दोष काढायचा नाही. पण अठराशे वर्षांपूर्वी एका शिल्पकाराने जे दगडात केले, ते आपण आज मोबाईलवर सहज करू शकतो. दोघांना एका रेषेत उभे करा, किंवा दोघांना बसवा. एकाला खुर्ची आणि एकाला ताटकळणे, असे नको.

एकच कप

आमच्या फोटोंमध्ये एक अगदी साधा फोटो आहे. हॉटेलच्या टेबलावर दोन सारख्या कपबश्या, माझी आणि मुलीची. तो पाहून तिच्या मैत्रिणीने विचारले, "यात काय आहे?"

मी तिला अण्णांकडून ऐकलेली गोष्ट सांगितली. अण्णांच्या लहानपणी गावच्या चहाच्या हॉटेलात कपबश्यांचे दोन प्रकार होते. गावासाठीच्या आत, फळीवर. आपल्या लोकांसाठीची एक बाहेर, वळचणीला खोचलेली. चहा वरून ओतायचा, बाहेर उकिडवे बसून प्यायचा, कप स्वतः विसळायचा आणि पुन्हा तिथेच खोचायचा. पाण्याचेही तसेच, पाणवठे दोन. मसणवटाही दोन. म्हणजे 'दोन' हा आकडा आपल्या वाट्याला पिढ्यान् पिढ्या असा आला होता. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले गेले, ते हे दोनाचे एक करण्यासाठी.

ती मुलगी गप्प झाली. मग तिने तो फोटो पुन्हा नीट पाहिला. दोन कप एकाच ट्रेमधून आले, एकाच पाण्यात धुतले गेले आणि एका टेबलावर ठेवले गेले. यात काय आहे, तर यात तेच आहे.

फोटो असा काढावा

वाचकहो, यासाठी महागडा कॅमेरा लागत नाही. घरात जो मोबाईल असेल तो पुरतो. आम्ही चुका करत जे शिकलो ते थोडक्यात सांगतो.

आधी भिंग मऊ सुती कपड्याने पुसावे. खिशातल्या मोबाईलच्या भिंगाला बोटांचे तेल लागलेले असते, त्यामुळे फोटो धुरकट येतो. मग उजेड पाहावा. चाळीच्या खोलीत ट्यूबलाईटखाली चेहऱ्यावर सावल्या पडतात. त्यापेक्षा दोघांना दारात किंवा खिडकीशी आणावे. उजेड बाजूने किंवा समोरून यावा, पाठीमागून नको. भर दुपारच्या उन्हात डोळे मिचकावले जातात. सकाळी नऊच्या आत किंवा दुपारी चारनंतर ऊन मऊ असते.

फोटो काढणाऱ्याने दोघांच्या बरोबर मध्ये, समोर उभे राहावे. मोबाईल त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर धरावा. माणसे बसलेली असतील तर आपणही गुडघे टेकावे. वरून फोटो काढला तर माणूस लहान दिसतो, नुसता आकाराने नव्हे. फार जवळ जाऊ नये. मोबाईलचे भिंग रुंद असल्याने कडेचे चेहरे ताणले जातात. चार-पाच पावले मागे सरावे आणि दोघांच्या बाजूला थोडी जागा सोडावी. पडद्यावर उभ्या-आडव्या रेषांची जाळी दाखवण्याची सोय बहुतेक मोबाईलमध्ये असते. ती चालू केली की दाराच्या चौकटी तिरक्या येत नाहीत. एकावर समाधान मानू नये. सलग चार-पाच काढावे, कारण दोघांचे डोळे एकाच वेळी उघडे असणे ही सोपी गोष्ट नाही!

घराच्या भिंतीवरच्या बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींचा फोटो घेताना काचेत ट्यूबलाईट आणि आपण स्वतः दिसतो. दिवा बंद करावा, दार उघडावे आणि किंचित बाजूला उभे राहावे.

अनोळखी माणसाचा फोटो विचारल्याशिवाय काढू नये. नाही म्हटले तर हसून पुढे जावे. झोपलेल्या, जेवणाऱ्या, आजारी माणसाचा फोटो काढू नये. आपल्या वस्तीचे फोटो बाहेरच्यांनी येऊन असे पुष्कळ काढले आहेत, तेव्हा ते कसे वाटते हे आपल्याला कोणी शिकवायला नको. रुळांजवळ, गाडीच्या दारात, गच्चीच्या कठड्यावर फोटो काढण्याचा नाद मुलांना लावू नये.

आणि शेवटचे, पण महत्त्वाचे. चांगला फोटो छापून घ्यावा. मोबाईल हरवतो, बिघडतो, विकला जातो. चार बाय सहा इंचाची प्रत काढायला फार पैसे पडत नाहीत. मागच्या बाजूला शिसपेन्सिलीने हलक्या हाताने नावे, तारीख आणि ठिकाण लिहावे. आमच्या ट्रंकेतल्या लग्नाच्या फोटोतल्या चाळीस जणांपैकी आज आम्हाला सतराच ओळखता आले. बाकीचे तेवीस जण कोण होते, हे सांगणारे अण्णा आता नाहीत.

समोरचे दार

आम्ही नायगावच्या बी.डी.डी. चाळीतले. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून अशा २०७ इमारती १९२० च्या दशकात उभ्या राहिल्या. नायगावच्या वाट्याला ४२. तळमजला आणि वर तीन मजले, प्रत्येक मजल्यावर वीस खोल्या, एका इमारतीत ऐंशी संसार. मधून लांब बोळ आणि दोन्ही बाजूंना समोरासमोर दारे. म्हणजे प्रत्येक दाराला त्याचे एक जोडीदार दार. १६० चौरस फुटांत माणसे वाढली ती या समोरच्या दाराच्या आधाराने. पोर आजारी पडले तर समोर ठेवायचे, पीठ संपले तर समोरून आणायचे, भांडण झाले तर समोर जाऊन बसायचे.

पुनर्विकास होतो आहे, तो आपल्या हक्काचा आहे. वरळीतल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या, तेव्हा आमच्या मजल्यावरही पेढे वाटले गेले. गळक्या छताचे आणि सामाईक संडासांचे कौतुक आम्हाला नाही. पण आमच्या इमारतीची खोल्या रिकाम्या करण्याची नोटीस आली, त्या रात्री आई दारात बसून समोरच्या दाराकडे पाहत राहिली. समोरच्या काकी आणि आई, दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या मजल्यावर आल्या. पन्नास वर्षे झाली. नव्या घरात समोर कोणाचे दार येईल, कोणाला ठाऊक?

मुलगी म्हणाली, "आजी, उद्या तुझा आणि काकीआजीचा फोटो काढते."

आई म्हणाली, "मला मेलीला कसला फोटो? कपाळ पांढरे झाल्यावर कोणी फोटो काढतं का?"

मी काही बोलण्याआधी मुलगीच म्हणाली, "आजी, तूच म्हणतेस ना, आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्या, असलं काही मानायचं नाही म्हणून? मग?"

आईला हसू आले. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता दोघी तयार होत्या. काकींनी लेकीने दिलेली नवी साडी नेसली होती. आईने पांढरी काढली होती, ती काकींनीच बदलायला लावली. जिन्याजवळच्या खिडकीपाशी एक बाक ठेवला. दोघी बसल्या. आधी दोघीही शाळेतल्या मुलींसारख्या ताठ. मग काकी म्हणाल्या, "अगो, संपात तू मला अर्धा पायली तांदूळ दिलेलास, ते अजून द्यायचेत मी." आईने त्यांच्या मांडीवर थाप मारली, आणि मुलीने तेवढ्यात बटण दाबले.

दोन प्रती काढल्या, एक आमच्याकडे आणि एक काकींकडे. मागे नावे लिहिली, तारीख लिहिली, दोन्ही खोल्यांचे क्रमांक लिहिले. आईने चष्मा लावून फोटो खिडकीशी नेला, जवळ धरला, लांब धरला. मग म्हणाली, "ह्यात बघ, उजेड एकाच बाजूने आलाय."

बंधू-भगिनींनो, आपल्या घरात आज जे दोघे आहेत त्यांना येत्या रविवारी दारात बसवा. आई-वडील असतील, आजी-नात असेल, दोन भाऊ असतील, दोन जावा असतील, नाहीतर समोरच्या दारातले शेजारी असतील. ती "काहीतरीच काय" म्हणेल, तो "दाढी केली नाही" म्हणेल. ऐकू नका. दोघांना एका रेषेत बसवा, उजेड पाहा आणि फोटो काढा. पुढे स्टुडिओत जाऊन जोडून घेण्याची पाळी आपल्या मुलांवर येऊ देऊ नका.